गावचे दप्तर आणि आपले पूर्वज

ज्ञातीच्या इतिहासावर काही लिहावे, अशी सूचना संपादक मंडळाकडून आली, तेव्हा प्रथम मनात संकोच उत्पन्न झाला. आपल्या स्मरणिकांतून ज्ञातीचा इतिहास पुष्कळ वेळा लिहिला गेला आहे. तो बहुधा एखाद्या पुराणापासून आरंभ पावतो, पुढे सूर्यवंश किंवा चंद्रवंश यांपैकी एकाचा आश्रय करतो, दूरच्या एखाद्या गढीवरून वऱ्हाडात उतरतो आणि तेथून एका उडीत स्वागताध्यक्षांच्या आजोबांपाशी येऊन थांबतो. या परंपरेविषयी मला अनादर नाही. ज्यांना शेकडो वर्षे कोणी मोजले नाही, त्यांनी आपल्यासाठी एखादा राजा शोधावा, हे मनुष्यस्वभावाला धरूनच आहे. परंतु त्या राजापासून आपल्या आजोबांपर्यंत ज्या दहा-बारा पिढ्या यवतमाळच्या काळ्या आणि बरड जमिनीत वखर चालवीत खपल्या, त्यांच्याविषयी या लेखांतून एक ओळही सापडत नाही, ही उणीव मला अनेक वर्षे खटकत आली आहे. ते काय पेरीत होते? घरी बैल किती होते? कर्ज कशासाठी काढीत? कोणत्या रोगाने मरत? या प्रश्नांची उत्तरे पुराणांत नाहीत. ती गावच्या दप्तरात आहेत.

ते दप्तर आपल्या समाजाने अलीकडे फारच चाळले आहे, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे. कुणबी जातीचा दाखला काढावयाचा तर १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, आणि त्यापायी कोतवाल बुकाच्या नकलेसाठी तहसील कार्यालयाच्या व्हरांड्यात आपल्या बांधवांच्या रांगा लागतात. मीही एका कार्यालयात अशाच रांगेत उभा होतो. माझी पाळी आली तेव्हा तेथील गृहस्थांनी वर न पाहता विचारले, “दाखला की वाटणी?” मी म्हणालो, “दोन्ही नाही. नुसते वाचावयाचे आहे.” त्यांनी तेव्हा मात्र वर पाहिले. त्यांच्या आश्चर्यात त्यांचा दोष काही नव्हता. जीर्ण पानावर बोट ठेवून आपण केवळ जातीचा रकाना पाहतो आणि त्याच ओळीतील बाकीचे रकाने न वाचता पान उलटतो.

कागद शोधू इच्छिणाऱ्यांसाठी येथे थोडी जिल्ह्याची हकीकत सांगणे अवश्य आहे. वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आले ते १८५३ च्या तहाने. आपला जिल्हा १९०५ पर्यंत ‘वूण’ म्हणजे वणी या नावाने ओळखला जात असे. त्या वर्षी त्याला यवतमाळ हे नाव मिळाले आणि पूर्वी बाशीम जिल्ह्यात असलेला पुसद तालुका त्यास जोडला गेला. त्यामुळे जुन्या कागदावर ‘जिल्हा वूण’ असे दिसल्यास तो परक्या मुलखाचा समजून बाजूस ठेवू नये, आणि पुसदकडील मंडळींनी बाशीमचे नाव पाहून बिचकू नये. दुसरी गोष्ट अशी की, वर्धा नदीपलीकडे मालगुजारी होती, तर आपल्याकडे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी होती. मालगुजारीत सरकारचा मुख्य व्यवहार मालगुजाराशी होई. रयतवारीत मात्र प्रत्येक खातेदाराचे नाव, शेत आणि आकार वेगळा लिहावा लागे. सरकारला आपल्या पूर्वजांविषयी ममत्व होते असे नव्हे, सारा वसूल करावयाचा होता. पण त्या निमित्ताने का होईना, साध्या नांगरधाऱ्याचे नाव प्रथमच नियमाने कागदावर चढले.

१८६१ पासून वऱ्हाडात ही मोजणी सुरू झाली. तिची टिपणे, गुणाकार बुके, प्रतिबुके आणि आकारबंद ही नावे वकील व मोजणीदार यांच्याबाहेर फारशी कोणास ठाऊक नाहीत. यांतील जुने कागद मोडीत असतात, म्हणून अनेकांचा धीर तेथेच खचतो. परंतु एका पावसाळ्यात मोडी वाचता येऊ लागते, हा माझा स्वतःचा अनुभव आहे. आणि एकदा ती वाचता आली म्हणजे प्रतिबुकाइतके बोलके पुस्तक दुसरे नाही, असे माझे मत झाले आहे.

प्रतिबुक म्हणजे जमिनीची प्रत ठरविण्याचे पुस्तक. ज्या पद्धतीने ही प्रत ठरे, तिचे मूळ नियम मुंबई इलाख्यात १८४७ साली गोल्डस्मिड, विंगेट आदी अधिकाऱ्यांनी घालून दिले. प्रतदार शेताचे चौकोन पाडी, चौकोनाचौकोनात जमीन खणून खोली पाही आणि मातीचा रंग व पोत पाही. मूळ नियमांप्रमाणे पावणेदोन हात खोल, बारीक पोताची काळी जमीन सोळा आण्यांची. खोली पाव-पाव हाताने उतरली की चौदा, बारा, दहा असे आणे उतरत; तांबूस, जाड पोताची जमीन चौदापासून आरंभ होई, आणि खडकाळ बरडीला वर जाऊन सहा आणेच मिळत. शिवाय प्रत्येक दोषाला वेगळी खूण होती. चुनखड असेल तर एक, वाळू असेल तर दुसरी, उतार असेल तर तिसरी, पाणी साचून चिबड होत असेल तर चौथी. आणि एकेका दोषापायी जमीन एक प्रत खाली जाई.

हे सर्व शेतसाऱ्यासाठी. परंतु आपण ते पूर्वजांसाठी वाचू लागलो की काय दिसते ते पाहा. आमच्या जुन्या घरात एका शेताला ‘रडके’ म्हणत. का म्हणत ते कोणाला सांगता येत नसे. त्या शेताच्या निम्म्या चौकोनांत चिबडाची खूण आहे. श्रावणात तेथे वखर चालत नसणार, डवरणी राहून जात असणार, गवत माजत असणार आणि घरातील बायांना निंदणाला तेथे दोन-तीनदा वाकावे लागत असणार, हे त्या एका खुणेवरून कळते. शेताचे नाव कोणी गमतीने ठेवलेले नव्हते.

त्याहूनही मला नवल वाटले ते सर्व्हे नंबराच्या आकाराचे. आज आपण नंबर हा केवळ एक आकडा समजतो. मूळ नियमांत एका नंबराचे क्षेत्र एका बैलजोडीने वाहता येईल इतके धरले होते: हलकी कोरडवाहू असेल तर २० एकर, मध्यम असेल तर १५, भारी असेल तर १२. म्हणजे नकाशावरील जो चौकोन आपण भाऊबंदकीत गुंठ्यागुंठ्याने चिरत आलो, तो मुळात एका बैलजोडीचा आणि तिच्यामागे चालणाऱ्या एका माणसाचा वर्षाचा आवाका होता. प्रत्यक्षात धुरे पूर्वीपासूनचे असत व क्षेत्र कमी-जास्त होई, हे ध्यानात ठेवले पाहिजे. तरीही पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली उभ्या राहिलेल्या जोड्या आणि गावच्या नकाशावरील नंबर यांचे नाते कळल्यापासून तो नकाशा मला निराळा दिसू लागला.

आपल्या जिल्ह्यातील काही गावांच्या नावामागे ‘इजारा’ हा शब्द लागलेला आढळतो. पडीत जमिनी लागवडीस याव्यात म्हणून १८६५ साली नियम झाले आणि वूण जिल्ह्यात अशी पुष्कळ गावे इजाऱ्याने दिली गेली. तेथे जाऊन ज्यांनी पळस-बोरीची खुटे उपटली, ती माणसे कोठून आली, हा ज्ञातीच्या इतिहासातील मोठाच प्रश्न आहे. अशा गावांतील आपल्या घराण्यांनी आपले ‘मूळ गाव’ म्हणून जे नाव पिढ्यानपिढ्या लग्नपत्रिकेत छापले आहे, त्या गावच्या जुन्या खातेपुस्तकात आपले आडनाव सापडते काय, हे पाहणे राजवंश शोधण्यापेक्षा सोपे आणि अधिक फलदायी आहे.

पिकांविषयी फार लिहीत नाही. तो विषय सर्वांच्या परिचयाचा आहे. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ या वर्षांत, कापसाला अपूर्व भाव आला आणि वऱ्हाडची कपाशी जगाच्या बाजारात गेली, हे आपण शाळेत शिकतो. पटवाऱ्याच्या पेरेपत्रकात मात्र त्याची दुसरी बाजू दिसते. कपाशीचा रकाना जसजसा फुगतो, तसतसा जवारीचा रकाना आकसतो. भाकर घरच्या शेतातून बाजारात गेली, ती अशी हळूहळू, एकेका हंगामात एकेक शेत करून. मूर्तिजापूरहून यवतमाळला छोटी आगगाडी १९०३ साली आली. तोपर्यंत ही कपाशी बंड्यांत भरून दूरच्या पेठांपर्यंत जात होती, आणि त्या बंडीवर कोण बसले होते हे कोणत्याच रकान्यात नाही.

बाजार आला तसा सावकार आला. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातील गहाणखते व खरेदीखते ही आपल्या समाजाची खरी बखर आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. वऱ्हाडात ‘गहाण-लहान’ नावाचा एक प्रकार होता: मुदतीत पैसे फिटले तर जमीन आपली, न फिटले तर तोच कागद विक्रीचा ठरे. अशा कागदांत कर्जाचे कारण लिहिलेले असते. सरकारी किस्त, बैल, बी, मागील देणे आणि लग्न. व्यसनाने बुडालो, उधळपट्टीने बुडालो, असे आपल्या सभांतून वक्ते सांगतात. मी जी दोन-तीन डझन खते पाहिली, त्यांत लग्नापेक्षा ‘मागील देणे’ व ‘किस्त’ हे शब्दच अधिक वेळा आले आहेत. एवढ्यावरून सिद्धांत मांडता येणार नाही, पण आपल्या आजोबा-पणजोबांना उधळे म्हणण्यापूर्वी आपण ते कागद पाहावेत, इतके तर म्हणता येईल. १९३३ च्या कायद्याने कर्ज-तडजोडीची मंडळे झाली, त्यांच्यापुढील अर्जांतून तर घरातील गुरे, जमीन आणि देणे अशी सगळीच जंत्री हाती लागण्याचा संभव असतो.

या खतांच्या शेवटी सही नसते, निशाणी असते. कुणब्याची निशाणी नांगराची. लेखनिक नाव लिही, आणि त्याच्याजवळ नांगराची लहानशी आकृती उमटे. बाई असेल तर बांगडी. ही बांगडी वाचकांनी लक्षात ठेवावी. तिचे प्रयोजन पुढे येईल.

आता कोतवाल बुकाकडे वळू. गावात जन्म किंवा मृत्यू झाला की कोतवाल वर्दी देई आणि मग नोंद होई. हा कोतवाल आपल्याकडे बहुधा महार समाजातील असे. ज्या ओळीच्या आधारावर आज आपण दाखला मिळवतो, ती ओळ त्याच्या पायपिटीने लिहिली गेली, आणि त्याला घरच्या ओट्यावर चढू न देणारे आपलेच वाडवडील होते, हेही इतिहास लिहिताना टाळता येत नाही. नोंद नामकरणापूर्वी होत असल्याने बाळाचे नाव बहुधा नसते. ‘अमक्याला मुलगी झाली’, एवढेच असते. आईचे नाव तर नसतेच. मृत्यूच्या बाजूस कारणाचा रकाना आहे, आणि तेथे पानेच्या पाने ‘ताप’ हा एक शब्द भरलेला आहे. १९१८ च्या पावसाळ्यानंतरची पाने उघडा. मध्यप्रांत व वऱ्हाड यांना त्या साली इन्फ्लुएंझाचा तडाखा देशातील अन्य बहुतेक भागांपेक्षा जबर बसला. एका दिवशी एकाच गावात पाच, सात, नऊ ओळी. मग लिहिणाऱ्याचे अक्षरच बदलते. पहिला लिहिणारा काय झाला, ते पुस्तक सांगत नाही.

त्याआधीचा मोठा घाला १८९९–१९०० च्या, छप्पन्नच्या दुष्काळाचा. १८९१ साली वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २९ लाख होती. १९०१ साली ती साडेसत्तावीस लाखांवर आली. वाढावयाची ती घटली. या शिरगणतीचे तक्ते छापलेले आहेत, परंतु घरोघर जाऊन भरलेले मूळ कागद तक्ते तयार झाल्यावर नष्ट केले जात. त्यामुळे संख्या उरली, माणसे गेली.

या ठिकाणी परदेशातील एक उदाहरण देतो. आयर्लंड हा देशही आपल्यासारखाच इंग्रजांच्या अमलाखालचा, कुळांचा आणि दुष्काळाचा. १८४५ पासून बटाट्याचे पीक कुजले आणि लाखो माणसे मेली, लाखो परदेशी गेली. तेथील शेतकऱ्याने राजवंशाच्या कथा आपल्यापेक्षा कमी सांगितल्या असतील असे नाही. पण आज त्यांचे वंशज जे शोधतात ते निराळेच आहे. ग्रिफिथ नावाच्या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली १८४७ ते १८६४ या काळात प्रत्येक कुळाच्या जमिनीची व घराची आकारणी झाली. ती छापली गेली, आणि तीत आपल्या आकारबंदाप्रमाणे माणसामाणसाचे नाव आहे. १९२२ साली यादवीत डब्लिनच्या दप्तरखान्यास आग लागून १८२१ ते १८५१ च्या शिरगणत्यांचे बहुतेक सर्व कागद जळाले. पुढच्या चार शिरगणत्यांचे कागद त्यापूर्वीच सरकारी हुकमांनी नष्ट झाले होते. मात्र १९०१ आणि १९११ चे घरोघरचे कागद वाचले. त्यांत घराच्या भिंती कशाच्या, छप्पर कशाचे, दर्शनी खिडक्या किती, हे लिहिले आहे. गोठा व डुकरखाना यांचाही रकाना आहे. खिडक्यांच्या संख्येवरून तेथील मनुष्य आपल्या पणजीच्या झोपडीत किती उजेड येत होता, ते सांगू शकतो. आपली १९०१ ची गणती १ मार्चच्या रात्री झाली आणि त्यांची त्याच महिन्याच्या ३१ तारखेस. त्यांची खिडकी राहिली. आमची राहिली नाही. परंतु आमची प्रतिबुके जळलेली नाहीत. त्यांना वाळवी लागते आहे, ही गोष्ट वेगळी.

दप्तराची एक मर्यादा आरंभीच सांगावयास हवी होती, ती आता सांगतो. ज्याच्याकडून सरकारला काही घ्यावयाचे होते, त्याचेच नाव दप्तरात आहे. खातेदार आहे, त्याच्या घरी वर्षाच्या बोलीने राबणारा सालदार नाही. बटईने वाहणारा क्वचितच आहे. ज्याने ती जमीन आधी जंगलातून काढली असेल तो कोलाम किंवा गोंड बहुधा नाही. आणि बाई नाही. पुरुष ‘वल्द’ म्हणून येतो, म्हणजे अमक्याचा मुलगा. बाई ‘जौजे’ म्हणून क्वचित येते, आणि ‘बेवा’ म्हणून येते. नवरा मेल्यावाचून आपल्या पणज्यांना दप्तराचे दार उघडत नसे.

माझ्या पणजीला ते उघडले. ही गोष्ट लिहावी की नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. आमचे घर दारव्हा तालुक्यातील. घरात सांगत ते असे की, पणजोबा छप्पन्नच्या दुष्काळात पटकीने गेले, पाठोपाठ पणजीही गेली आणि तीन वर्षांच्या आजोबांना चुलत्यांनी वाढविले. दरवर्षी अक्षय तृतीयेला दोघांच्या नावाने पान वाढले जाई. मी जेव्हा आमच्या खात्याचे जुने कागद काढले, तेव्हा १९०० नंतर खाते आजोबांच्या नावे झालेले दिसले: ‘अज्ञान, पालन करणार आई, बेवा’, आणि पुढे तिचे नाव. येथवर ठीक होते. तीन वर्षांनंतरच्या कागदात मात्र पालनकर्ता चुलता झाला होता, आणि कारण लिहिले होते: ‘आईने पाट केला सबब.’

पणजी मेली नव्हती. ती पाट लावून अडाण नदीपलीकडील एका गावी गेली होती. आपल्या समाजात विधवेचा पाट पूर्वापार चालत आला आहे. त्यात लाजण्यासारखे तेव्हा काही मानीत नसत. पुढे आपण सुधारलो, वरच्या वर्णांची रीत ती आपली रीत, असे ठराव आपल्या सभांतून होऊ लागले, आणि अनेक घरांनी आपापल्या पणज्यांना कागदावाचूनच मारून टाकले, असा मला संशय आहे. १८५६ च्या विधवाविवाहाच्या कायद्याने पुनर्विवाहाला मुभा दिली, पण त्याच कायद्याप्रमाणे पुनर्विवाह करणारीचा पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरील हक्क जाई. जमीन मुलाच्या नावे असल्याने पणजीला जमीन गमवावयाची नव्हतीच; तिला मुलगा मागे ठेवावा लागला. दुष्काळानंतरच्या त्या वर्षांत वीस-बावीस वर्षांच्या बाईपुढे दुसरी कोणती वाट होती, याचा निवाडा आज ओसरीवर बसून मी करू इच्छित नाही.

ही गोष्ट मी माझ्या थोरल्या आत्याला सांगितली. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “मंग त्या मावशीचं समजलं.” आजोबा दरवर्षी दिवाळीनंतर पहिली वेचणी विकली की एक लुगडे घेऊन नदीपलीकडच्या एका गावी जात. घरी विचारले तर ‘मावशी आहे’ म्हणत. सोबत कोणाला नेत नसत. एका वर्षी ते लुगडे न घेता गेले आणि डोक्यावरचे केस उतरवून परत आले. आत्या तेव्हा लहान होती. मावशीसाठी केस उतरवितात काय, असे तिने आपल्या आईला विचारले होते, आणि आईने तिला गप्प केले होते.

पणजीचे नाव मी येथे देत नाही. घरातील वडीलधाऱ्यांची तशी इच्छा नाही, आणि त्यांच्याशी माझा वाद अजून संपलेला नाही. पालनकर्ता बदलण्याच्या त्या कागदाची नकल माझ्याजवळ आहे. चुलत्याच्या नावापुढे नांगर आहे. तिच्या नावापुढे, नवरा वारल्यावर तिने हातातली उतरविली असेल ती बांगडी आहे: शाईचे एक वाटोळे कडे, खालच्या बाजूस किंचित उघडे राहिलेले.